आडनाव व टोपणनाव

व्यक्तीच्या नावाला जोडून येणारे आणि तिचे कूळ, गाव, वतन वा व्यवसाय सुचविणारे वंशपरंपरागत नाव म्हणजे आडनाव. व्यक्तीच्या मूळ नावाऐवजी लोकव्यवहारात रूढ झालेले, बहुधा इतरांनी दिलेले नाव म्हणजे टोपणनाव. ‘आड’ म्हणजे बाजूचे, दुय्यम; आडवाट, आडगाव या शब्दांत तो याच अर्थाने येतो. टोपण म्हणजे झाकण. टोपणनाव मूळ नावावर झाकणासारखे घट्ट बसते आणि खालचे नाव पुष्कळदा शेजाऱ्यांनाही ठाऊक राहत नाही. आडनावाला कुलनाम वा उपनाम असेही म्हणतात. गोत्र मात्र आडनावाहून वेगळे असते. एका गोत्रात अनेक आडनावे असतात आणि एकच आडनाव अनेक गोत्रांत, इतकेच नव्हे तर अनेक जातींत व धर्मांतही आढळते.

या दोन नावांचे कार्य एक नाही. आडनाव दूरच्या माणसासाठी असते, तर टोपणनाव जवळच्यासाठी. परगावचा मनुष्य, सरकारी कारकून, सावकार व शाळामास्तर यांना आडनाव लागते. आळीतील मनुष्याला त्याचा उपयोग थोडा, कारण आळीत पुष्कळदा सर्वांचे आडनाव एकच असते. रत्नागिरी शहराच्या किनाऱ्यावरील मिरकरवाडा ही मच्छीमारांची वस्ती याचे चांगले उदाहरण होय. रत्नदुर्गाच्या पायथ्यालगतचे हे बंदर कोकणातील मासेमारीच्या मोठ्या बंदरांपैकी एक असून येथे मुस्लिम मच्छीमारांची वस्ती मोठी आहे. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये या किनाऱ्यावरील मुस्लिम मच्छीमारांचा ‘दालदी’ या नावाने उल्लेख येतो. वस्तीचे नावच आडनावापासून बनलेले आहे : मिरकरांचा वाडा. जवळच मिऱ्या डोंगर आणि जाकीमिऱ्या व सडामिऱ्या ही गावे आहेत. मिरकर या आडनावाचे त्यांच्याशी असलेले साम्य उघड आहे. गावावरून आडनाव आणि आडनावावरून पुन्हा वस्ती, असा हा प्रवास कोकणात ठिकठिकाणी आढळतो.

प्राचीन व मध्ययुगीन महाराष्ट्रात आजच्या अर्थाने आडनावे सार्वत्रिक नव्हती. शिलाहारादी राजवंशांच्या ताम्रपटांत दान घेणाऱ्या ब्राह्मणाची ओळख त्याच्या पित्याचे नाव, गोत्र, वेदशाखा आणि ज्या गावाहून तो आला त्या गावाचे नाव यांनी पटविलेली असते. संतांची ओळख पुष्कळदा व्यवसायावरून होई : गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. तुकारामांच्या घराण्याचे आंबिले हे आडनाव किंवा रामदासांचे ठोसर हे आडनाव चरित्रकारांना माहीत आहे, परंतु लोकांना त्याची गरज कधी भासली नाही. मराठेशाहीच्या कागदपत्रांत मनुष्याची नोंद त्याच्या व पित्याच्या नावाने होते. ब्राह्मण मुत्सद्दी बाळाजी विश्वनाथ, मोरो त्रिंबक, रामचंद्र नीळकंठ असे नुसते पितृनाम जोडीत. इतरांच्या बाबतीत दोन नावांमध्ये ‘बिन’ किंवा ‘वलद’ हा अरबीतून आलेला शब्द पडे. आडनाव येई ते बहुधा वतनाचा वा हक्काचा प्रश्न असेल तेथे. हक्क वंशपरंपरेने चालत असल्यामुळे तो कोणत्या घराण्याचा, हे सांगावे लागे. महाराष्ट्रात आडनाव स्थिर होण्यामागे कुलाभिमानाइतकाच वतनाचा तंटाही कारणीभूत आहे.

मराठी कुळांच्या आडनावांत जुन्या राजवंशांची नावे टिकून राहिलेली दिसतात. कदंब–कदम, चालुक्य–साळुंखे, शिलाहार–शेलार, यादव–जाधव, परमार–पवार, मौर्य–मोरे ही साम्ये प्रसिद्ध आहेत. कोकणात मौर्यांची सत्ता होती, हे दुसऱ्या पुलकेशीच्या ऐहोळे येथील ६३४ च्या शिलालेखावरून निश्चित होते. तेव्हा मोरे या नावाचा मोराशी जोडला जाणारा संबंध दुय्यम ठरतो. मात्र राजाचे नाव धारण करणारे सर्व राजवंशातीलच असतात असे मानण्यास आधार नाही. राजाचे सेवक, आश्रित, प्रजाजन यांनीही ते नाव घेतले असावे. जाधव, मोरे, पवार, शिंदे, गायकवाड ही आडनावे मराठ्यांबरोबरच अन्य अनेक जातींत आढळतात, याचे कारण बहुधा येथेच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी माणसांची व गावांची नावे ही इतिहासाची साधने म्हणून वापरली. त्यांनी १९२४ मध्ये संपादिलेल्या महिकावतीच्या बखरीत उत्तर कोकणातील वसाहतींचा वृत्तांत कुळांच्या नावांसह येतो. आडनावांच्या व्युत्पत्तीत त्यांची बुद्धी कधीकधी पुराव्याच्या पुढे धावते, पण या सामग्रीकडे गांभीर्याने पाहण्याची दृष्टी त्यांनीच दिली.

ग्रामवाचक आडनावे : कोकणातील आडनावांचा सर्वांत ठळक वर्ग गावाच्या नावाला ‘कर’ हा प्रत्यय लागून झालेला आहे. पावस–पावसकर, फणसोप–फणसोपकर, चिपळूण–चिपळूणकर, दाभोळ–दाभोळकर, वेंगुर्ला–वेंगुर्लेकर, मालवण–मालवणकर अशी शेकडो उदाहरणे देता येतील. वापरामुळे ही रूपे झिजतात. वाडीचा वाडकर होतो आणि तेंडोलीचा तेंडुलकर. या आडनावांविषयी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की ती मुळात गाव सोडल्यानंतर मिळतात. पावसमध्ये राहणाऱ्याला पावसकर म्हणण्यात अर्थ नाही, कारण तेथे सर्वच पावसकर. तो रत्नागिरीत, मुंबईत वा घाटावर गेला म्हणजे त्याला गावाने ओळखू लागतात. म्हणून ‘कर’ लागलेले आडनाव मनुष्य कोठे आहे ते सांगत नाही. तो किंवा त्याचा पूर्वज कोठून निघाला ते सांगते. एखाद्या वस्तीतील अशा आडनावांची गावे नकाशावर मांडली, तर स्थलांतराच्या वाटा उमटतात. या दृष्टीने मिरकर हे नावही मिऱ्याहून निघालेल्या कोणा घराकडे बोट दाखविते. अंतर फारतर कोस-दोन कोसांचे, पण तेवढे पुरेसे असते.

गावाच्या नावाने जुने कुलनाम मागे पडल्याची दोन उदाहरणे कोकणाच्या इतिहासात विशेष आहेत. मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे (१६६९–१७२९) यांच्या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. अंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. भारतीय संविधानाचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ आणि मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. गावावरून आंबडवेकर व त्याचे आंबेडकर झाले. शाळेतील याच आडनावाच्या शिक्षकाने ते नोंदविले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. सातारा येथील शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी झालेल्या प्रवेशाच्या नोंदीत ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नाव आहे. त्या एका ओळीत घरातील लाडके नाव, पित्याचे नाव आणि गावाचे नाव अशी तिन्ही एकत्र आली आहेत. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एक घराणे मराठा आरमारी सरदाराचे, दुसरे अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार समाजातील. दोहोंच्या मुळाशी जवळजवळ एकच कुलनाम आहे. आडनावावरून जात ओळखता येते असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावयास हवा.

देशावरही ही पद्धत होती. नीरा नदीकाठच्या होळ गावावरून होळकर झाले. रामचंद्रपंत अमात्यांचे घराणे बावडा या ठिकाणावरून बावडेकर म्हणून ओळखले जाऊ लागले. गोव्यातील मंगेशी या गावावरून दीनानाथ (१९००–४२) यांनी मंगेशकर हे आडनाव घेतले. परंतु ‘कर’ हा प्रत्यय कोकणात जसा धर्मभेद ओलांडतो तसा तो अन्यत्र क्वचितच ओलांडत असेल. अलिबागच्या परिसरातील बेने इस्राएल ज्यूंची किहीमकर (केहिमकर), पेणकर, दिवेकर, चेऊलकर ही आडनावे गावांवरूनच आलेली आहेत. तेलाचे घाणे चालविणाऱ्या व शनिवारी काम न करणाऱ्या या समाजाला शेजाऱ्यांनी दिलेले ‘शनवार तेली’ हे नाव संपूर्ण समाजाचे टोपणनावच म्हटले पाहिजे. कोकणी मुसलमानांतही ‘कर’ लागलेली आडनावे विपुल असून नाव लिहिण्याची मराठी रीत—स्वतःचे नाव, पित्याचे नाव, आडनाव—त्यांनी पूर्णपणे स्वीकारलेली दिसते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे समाजसुधारक हमीद उमर दलवाई (१९३२–७७) हे त्याचे परिचित उदाहरण. त्यांचे आडनाव सैन्याधिकारवाचक असून ‘दळवी’ हे त्याच अर्थाचे आडनाव हिंदूंतही आहे. मिरकरवाड्यासारख्या ठिकाणी नुसत्या आडनावावरून धर्म ओळखणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

अधिकार व व्यवसाय यांवरून आलेली आडनावे समजण्यास सोपी आहेत. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील ही वतनांची नावे. चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस यांतील ‘नीस’ हा लेखकवाचक फार्सी ‘नवीस’ शब्दाचा अवशेष होय. कोकणात खोत हे आडनाव जमीनमहसुलाच्या खोती पद्धतीची आठवण देते. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४९ च्या कायद्याने ती संपली. परगणा व कुलकर्णी वतनेही १९५० च्या अधिनियमाने रद्द झाली. अधिकार गेले, आडनावे उरली. पद मोठे असले की ते आडनावाला गिळून टाकते : श्रीवर्धनच्या भट घराण्याला लोक पेशवे म्हणूनच ओळखतात आणि भानू घराण्यातील बाळाजी जनार्दन हा नाना फडणीस या नावानेच इतिहासात राहिला.

किनाऱ्यावर या वर्गात समुद्राची भर पडते. नौकेचा स्वामी तो नाखवा (फार्सी ‘नाखुदा’), खलाशांचा प्रमुख तो तांडेल, डोलकाठी-दोरखंडाची देखरेख करणारा तो सारंग. हे तिन्ही शब्द आडनावे झाले. शिवाजी महाराजांच्या आरमारातील दर्यासारंग या अधिकाऱ्याला इतिहास प्रायः त्याच्या किताबानेच ओळखतो. त्याचा सहकारी मायनाक भंडारी याच्या नावातील ‘नाक’ हा शेवटही लक्षणीय आहे. कोरेगाव (भीमा) येथील स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची जी नावे कोरली आहेत, त्यांपैकी पुष्कळांच्या शेवटी हाच ‘नाक’ असून तो महार पुरुषांच्या नावांत त्या काळी नित्य येई. ‘जी’, ‘राव’, ‘पंत’ या प्रत्ययांप्रमाणे नावाचे टोक हीच एकेकाळी समाजातील स्थानाची खूण होती; आडनाव बोलावेच लागत नसे.

टोपणनावांतून झालेली आडनावे : टकले, बोबडे, काळे, गोरे, एकबोटे, ढमढेरे ही आडनावे कोणा एका पूर्वजाच्या अंगलक्षणावरून पडलेली असावीत, वाघ, कोल्हे, लांडगे, ढेकणे यांत प्राण्यांची, तर पडवळ, भोपळे, साखरे यांत स्वयंपाकघरातील वस्तूंची नावे दिसतात. सातपुते, अष्टपुत्रे, सातभाई यांत संततीची वा भावंडांची मोजदाद आहे. सहस्रबुद्धे यांत स्तुती आहे की उपहास, हे पहिल्यांदा म्हणणाऱ्यालाच माहीत. टोपणनाव एका पिढीत विनोद असते, दुसऱ्या पिढीत सवय व तिसऱ्या पिढीत आडनाव. अशा नावांमागे सांगितल्या जाणाऱ्या कथा मात्र जपून स्वीकाराव्यात. गायकवाड घराण्याच्या पूर्वजाने गायींच्या रक्षणासाठी किल्ल्याचे कवाड उघडले, ही कथा सुंदर आहे. तथापि नाव आधी व कथा मागाहून, असाच क्रम बहुधा असतो.

आज दिसणारी स्थिरता ही मुख्यतः एकोणिसाव्या शतकाची देणगी आहे. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यातून सुरू झालेली जमिनीची पाहणी, न्यायालये, शाळांची हजेरीपत्रके, पलटणींची भरती, शिरगणती आणि मुंबईच्या गिरण्या व गोद्या यांना मनुष्याचे एकच, न बदलणारे नाव हवे होते. पूर्वी तोच मनुष्य एका ठिकाणी कुळाच्या, दुसरीकडे गावाच्या व तिसरीकडे धंद्याच्या नावाने ओळखला जाई व त्यात कोणास विसंगती वाटत नसे. नोंदवहीने यांपैकी एक निवडले आणि बाकीची पुसली. निवड पुष्कळदा कारकुनाच्या कानावर अवलंबून राही. एकाच घराण्यातील दोन भावांची दोन आडनावे होण्याचे, किंवा एकाच आडनावाची दोन-तीन लेखनरूपे रूढ होण्याचे प्रकार त्यातून घडले. ही क्रिया केवळ भारतात झाली असे नाही. ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या योझेफने १७८७ मध्ये ज्यूंवर कायम कुलनामे घेण्याची सक्ती केली. जपानमध्ये १८७५ मध्ये व तुर्कस्तानात १९३४ मध्ये प्रत्येकाला कुलनाम बंधनकारक झाले. उलट आइसलँडमध्ये पित्याचे वा मातेचे नाव लावण्याची जुनी पद्धत अद्यापि चालू आहे.

समुद्रापार गेलेल्या मराठी माणसांचे काय झाले, हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्यांच्या नोंदींत आडनावाच्या जागी पुष्कळदा पित्याचे एकेरी नाव पडले आणि तेच पुढील पिढ्यांचे कुलनाम झाले. आडनावातील गाव हरवले. केप टाउनला स्थायिक झालेल्या कोकणी मुसलमानांच्या आडनावांत मात्र तो ‘कर’ टिकून राहिला. गोव्यात सोळाव्या शतकापासून धर्मांतरितांना सोझा, फर्नांडिस, परेरा अशी पोर्तुगीज कुलनामे मिळाली. याच्या अगदी उलट प्रकार रत्नागिरीत घडला. पदच्युत झालेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला १८८६ मध्ये येथे आणून ठेवण्यात आले व १९१६ मध्ये येथेच तो मरण पावला. ब्रह्मी लोकांत कुलनामाची पद्धतच नाही. राजवंश होता, पण आडनाव नव्हते. पुढे त्याच्या वंशात रत्नागिरीतच विवाहसंबंधाने मराठी आडनाव आले.

टोपणनावे : मराठीत ‘नाव ठेवणे’ म्हणजे नामकरण करणे आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. टोपणनावात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. व्याकरणदृष्ट्या ती फार बोलकी असतात. गणेशाचा गणू लाडका, गण्या बरोबरीचा किंवा खालचा, गणोबा वडीलधारा आणि गणपतराव वा गणपतशेट प्रतिष्ठित. एका मनुष्याच्या आयुष्यात ही सर्व रूपे क्रमाने येऊ शकतात, आणि धंदा बुडाल्यास उलट क्रमानेही. आडनावालाही हा नियम लागू पडतो. बर्वे, काळे, गोडसे ही एकारान्त आडनावे मुळात आदरार्थी बहुवचने आहेत. आदर काढला की बर्वेचा ‘बर्वा’ होतो. पु. ल. देशपांडे यांच्या व्यक्ती आणि वल्ली (१९६२) मधील रत्नागिरीच्या ‘अंतू बर्वा’चे नाव या बोलीतील रीतीला धरूनच आहे.

घरातील नात्याचे संबोधन हेच सार्वजनिक नाव होणे, हा मराठी टोपणनावांचा विशेष म्हणावा लागेल. बाळाजी बाजीराव हा नानासाहेब, रघुनाथराव हा दादासाहेब, सदाशिवराव हा भाऊसाहेब. पानिपतावर (१७६१) काय झाले हे सांगणारी बखरही ‘भाऊसाहेबांची’ म्हणून ओळखली जाते. पहिला बाजीराव हा राऊ होता आणि महादजी शिंदे यांना पाटीलबाबा म्हणत. रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचे पाळण्यातील नाव केशव. परंतु बाळ हे घरातील नाव टिकले आणि त्याच नावाने त्यांची स्वाक्षरी, खटले व ग्रंथ झाले. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे जन्मलेले कवी कृष्णाजी केशव दामले (१८६६–१९०५) यांनी ‘केशवसुत’ हे नाव घेऊन आडनाव बाजूला सारले व जुने पितृनाम पुढे आणले. पुढे साहित्यात आद्याक्षरांचीच टोपणनावे झाली, ‘पु. ल.’ म्हटल्यावर आडनावाची अपेक्षा कोणी करीत नाही.

मासेमारी वस्तीत टोपणनाव ही हौस नसून गरज असते. थोड्या जागेत दाटीने वसलेली घरे, मोजकी आडनावे आणि घराघरांत पुन्हापुन्हा ठेवली जाणारी आजोबा-पणजोबांची नावे यांमुळे एकाच पूर्ण नावाच्या दोन-तीन व्यक्ती सहज आढळतात. त्यांना वेगळे करण्यासाठी उंची, रंग, बोलण्याची लकब, एखादा जुना प्रसंग, परदेशी नोकरी किंवा नौकेचे नाव उपयोगी पडते. बंदरावर लिलाव बोलताना, उधारी मांडताना किंवा खलाशी ठरविताना आडनावाने काम भागत नाही. टोपणनाव ठेवण्याचा हक्क मात्र सर्वांना सारखा नसतो. ते बरोबरीच्यांनी वा वडिलांनी वापरावयाचे. परक्याने, विशेषतः अधिकाऱ्याने ते उच्चारले तर अपमान होतो. स्त्रियांची टोपणनावे सहसा घराच्या उंबऱ्याबाहेर जात नाहीत, आणि व्यंगावरून पडलेले नाव धारण करणाऱ्याला ते किती बोचते, हे वस्ती सहसा विचारीत नाही. कागदाशी गाठ पडली की सगळे उलटते. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर सागरी मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्यात आली. त्यावर नोंदवहीतील नाव असते. ज्या नावाने मनुष्याला हाक मारली जाते ते नाव, आणि समुद्रावर तपासणीच्या वेळी ज्या नावाने तो सिद्ध होतो ते नाव, ही दोन असतात. शिधापत्रिका, सात-बारा व शाळेचा दाखला यांतील एका अक्षराच्या फरकामुळे वारसाहक्क अडून राहतो, हा अनुभव तर सर्व थरांतील लोकांना आहे.

आडनावाचा सर्वांत कठोर उपयोग जात शोधण्यासाठी होतो. नाव सांगितल्यावर ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न येतो, तेव्हा बहुधा विचारायची असते जात. पाटील, नाईक, जाधव यांसारख्या नावांनी समाधान झाले नाही तर पुढचा प्रश्न गावाचा व मग वाडीचा. कारण कोकणातील वाड्या व वाडे पुष्कळदा जातीवार वसलेले होते. अशा जातिवाचक वस्तिनामांऐवजी नवी नावे देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. मिरकरवाडा हे नाव आडनावाचे असल्याने त्या वर्गात मोडत नाही. तमिळनाडूत स्वाभिमान चळवळीने १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत जातिवाचक उपनामे टाकण्याचा ठराव केला व तेथे ती पुष्कळ अंशी गेली. महाराष्ट्रात तशी व्यापक चळवळ झाली नाही. येथील मार्ग व्यक्तिगत राहिला. उपहासास कारण होणारे किंवा जात उघड करणारे आडनाव टाकून गावाचे ‘कर’युक्त नाव घेणे आणि तो बदल शासकीय राजपत्रात प्रसिद्ध करणे, ही रीत सर्वपरिचित आहे.

स्त्रियांच्या बाबतीत नाव बदलणे हा अपवाद नसून नियम होता. विवाहात तांदळावर नवे नाव लिहिण्याचा विधी पुष्कळ समाजांत रूढ आहे. त्यामुळे पित्याचे नाव व आडनाव तर जाईच, स्वतःचे नावही जाई. झाशीची राणी लक्ष्मीबाई ही माहेरची मणिकर्णिका, लाडाने मनू. तिचे सासर नेवाळकर, हे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. रमाबाई रानडे या पूर्वाश्रमीच्या यमुना कुर्लेकर आणि डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) याही माहेरच्या यमुनाच. वंशावळींत सुनांची माहेरची आडनावे बहुधा नोंदविलेली नसतात, त्यामुळे घराण्यांचा अर्धा इतिहास लुप्त झाला आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीचे नाव शासकीय दस्तऐवजांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने लिहिणे बंधनकारक आहे. विवाहित स्त्रीच्या नावानंतर पतीचे नाव व आडनाव लिहिण्याची पूर्वीची पद्धत मात्र त्या निर्णयातही कायम ठेवण्यात आली.